हाक ओळखून देणारं कुणीतरी

शेवटच्या सेमिस्टरला मुलं प्रोजेक्टची फाईल घेऊन माझ्या केबिनमध्ये येतात, समोर बसतात, दोनचार पानं उलटतात आणि मग खऱ्या मुद्द्यावर येतात. मॅम, देवाला माझ्याकडून नक्की काय हवंय, हे कळतं कसं? मी एका ख्रिस्ती विद्यापीठात केमिस्ट्री शिकवते, देवशास्त्र नाही, पण हा प्रश्न दरवर्षी माझ्यापर्यंत येतोच. चॅप्लेनकडे, म्हणजे विद्यापीठाच्या पाळकांकडे, जायला मुलांना संकोच वाटतो, तिथे उत्तर आधीच तयार असेल अशी त्यांना भीती वाटत असावी. माझ्याकडे तयार उत्तर नाही हे त्यांना माहीत असतं, म्हणून बसतात.

आणि ही काळजी साधीसुधी नसते हं. इतर ठिकाणी शिकणाऱ्या मुलांना नोकरी मिळेल की नाही एवढाच घोर असतो, आमच्याकडे त्याच्यावर आणखी एक, की मिळालेली नोकरी देवाच्या मनातली असेल की नाही. कुठेतरी लहानपणापासून डोक्यात बसलेलं असतं की आपल्यासाठी एकच काम, एकच शहर, एकच जोडीदार ठरवून ठेवलेला आहे, आणि आपण एखादं वळण चुकलो तर उरलेलं सगळं आयुष्य चुकीच्या रस्त्यावर जाणार. वीस-एकवीस वर्षांच्या मुलाने एवढं ओझं घेऊन परीक्षेला बसायचं म्हणजे काय होतं ते मी पाहिलंय, झोप उडते, प्रार्थना करायची भीती वाटायला लागते, कारण प्रार्थना केली आणि काहीच ऐकू आलं नाही तर?

त्यात चॅपलमधल्या साक्षी. कुणी पाहुणे येतात, सांगतात की अमुक एका रात्री मी गुडघ्यांवर होतो आणि मला स्पष्ट कळलं. ते खोटं बोलत नाहीत, माझा विश्वास आहे त्यांच्यावर. पण साक्ष नेहमी मागे वळून सांगितलेली असते, वीस-तीस वर्षांचा गोंधळ दहा मिनिटांत बसवायचा म्हटलं की मधली भटकंती गाळावीच लागते, आणि नेमकी ती भटकंतीच समोर बसलेल्या मुलीच्या कामाची असते. तिला वाटतं आपल्या आयुष्यात अशी रात्र आलीच नाही म्हणजे आपल्यातच काहीतरी कमी आहे.

इतकी वर्षं शिकवल्यावर मला एक गोष्ट पक्की वाटायला लागलीय, की पाचारण, म्हणजे देवाची ती हाक, बहुतेकांना एकट्याने ऐकूच येत नाही, आजूबाजूला माणसं लागतात, त्यांना ते आधी कळतं आणि ते आपल्याला सांगतात. विद्यापीठ ख्रिस्ती आहे याचा अर्थ मी इथे शोधते, क्रूस लावलेल्या गेटमध्ये किंवा असेंब्लीच्या सुरुवातीच्या वचनात तो असेल असं मला वाटत नाही.

शमुवेलाची गोष्ट संडे स्कूलला आपण सगळ्यांनी ऐकलेली असते, देवाने लहान मुलाला रात्री हाक मारली वगैरे. पण मोठेपणी तो अध्याय सावकाश वाचा, शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातला तिसरा. मुलगा मंदिरात झोपलाय, हाक येते, आणि तो उठून पळत जातो तिथल्या याजकाकडे, एलीकडे. कारण त्याला तो एलीचाच आवाज वाटतो. एली म्हणतो मी नाही बोलावलं, जा झोप. परत हाक, परत पळत एलीकडे. तिसऱ्यांदाही तेच. म्हणजे देव स्वतः बोलतोय आणि मुलाला ते कळत नाहीये, आणि अध्यायात त्याबद्दल त्याला कुणी दोष देत नाही, फक्त एवढंच म्हटलंय की त्याला अजून परमेश्वराची ओळख झाली नव्हती. ओळखतो कोण, तर एली. म्हातारा झालेला, दिसेनासं झालेलं, ज्याची स्वतःची मुलं वाया गेलीत आणि ज्याने त्यांना आवरलं नाही असा एली. तोच सांगतो की आता हाक आली तर काय उत्तर द्यायचं.

आणि मग जो निरोप मिळतो तो कुणाविरुद्ध असतो? एलीच्याच घराण्याविरुद्ध. सकाळी शमुवेल मंदिराचे दरवाजे उघडतो, नेहमीची कामं करतो, सांगायला घाबरतो. एलीच त्याला बोलावून घेतो आणि म्हणतो, काहीही लपवू नकोस. सगळं ऐकून घेतो आणि मान्य करतो.

शिक्षक म्हणून मला बायबलमधला हा माणूस फार जवळचा वाटतो, त्याच्या सगळ्या दोषांसकट. आपण ज्याला बोलायला शिकवलं तो उद्या आपल्याच संस्थेबद्दल कडू बोलेल, आणि ते आपल्याला ऐकावं लागेल. आमच्या एका कार्यक्रमात एका विद्यार्थिनीने चॅपलमध्ये उभं राहून विचारलं होतं की आपण रोज सेवेबद्दल बोलतो पण गेटवरच्या रात्रपाळीच्या माणसांना बसायला खुर्ची का नाही. सभागृहात जरा अस्वस्थता पसरली. तिला सार्वजनिक बोलण्याचा आत्मविश्वास देणारी माझी सहकारी माझ्या शेजारीच बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला एलीच्या सकाळची आठवण देऊन गेलं. खुर्च्या आल्या नंतर. ती मुलगी आज लेबर लॉ शिकतेय.

आता एक खोली. पॅरिसमध्ये सेंत बार्ब नावाचं कॉलेज होतं, तिथे 1529 साली तीन विद्यार्थी एका खोलीत राहत होते. एक पीटर फेबर, साव्हॉयच्या डोंगरात मेंढ्या राखत मोठा झालेला, अभ्यासात हुशार, आतून प्रचंड घाबरलेला. दुसरा फ्रान्सिस झेवियर, नावारच्या खानदानी घरातला, खेळात तरबेज, करिअरची मोठी स्वप्नं. हे दोघे एकाच वयाचे, 1506 चे. आणि तिसरा त्यांच्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठा, लंगडत चालणारा, इग्नेशियस. 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला होता, नंतर तिशी ओलांडल्यावर तो शाळकरी पोरांच्या शेजारी बसून लॅटिन शिकला. त्या लढाईत इग्नेशियस स्पेनच्या बाजूने किल्ला लढवत होता आणि झेवियरचे भाऊ विरुद्ध बाजूला होते. आणि आठ वर्षांनी ह्या दोघांना एकच खोली मिळाली!

फेबरला इग्नेशियसला ॲरिस्टॉटल शिकवायचं काम दिलं होतं, आणि शिकवता शिकवता फेबरच त्याच्याशी मनातलं बोलायला लागला. त्याने नंतर लिहून ठेवलंय की त्या काळात त्याचं काहीच ठरत नव्हतं, कधी वाटायचं लग्न करावं, कधी डॉक्टर व्हावं, कधी वकील, कधी शिक्षक, कधी धर्मगुरू, कधी सगळं सोडून मठात जावं. हे वाचताना मला माझ्या केबिनमधल्या खुर्चीवर बसणारे चेहरेच दिसतात. इग्नेशियसने त्याला उत्तर दिलं नाही, काही वर्षं सोबत केली. झेवियर तर फार चिवट निघाला, त्याला या लंगड्या रूममेटचं बोलणं आवडायचं नाही, त्याचं मन वळायला 1533 उजाडलं. 15 ऑगस्ट 1534 ला मोंमार्त्रच्या टेकडीवर सात मित्रांनी एकत्र शपथ घेतली.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण शपथ कशाची होती? मुख्य म्हणजे यरुशलेमला जाण्याची. तिथे जाऊन लोकांची सेवा करायची, हेच आपलं पाचारण असं त्यांनी खूप प्रार्थना करून ठरवलं होतं. आणि ते झालंच नाही. व्हेनिसला जाऊन थांबले, युद्धामुळे जहाज मिळेना. मग ठरवलेल्या पर्यायाप्रमाणे ते रोमला पोपकडे गेले, 1540 मध्ये त्यांच्या संघाला, म्हणजे जेसुइट संघाला, मान्यता मिळाली, आणि कॉलेजं चालवायची असा त्यांचा विचारही नव्हता, पण 1548 मध्ये सिसिलीतल्या मेसिना शहराने मुलांसाठी कॉलेज काढा म्हणून आग्रह धरला आणि तिथून जे सुरू झालं ते आज जगभरातल्या जेसुइट विद्यापीठांच्या रूपात दिसतं. झेवियरचं भारतात येणंसुद्धा तसंच, आधी दुसऱ्याच सोबत्याचं नाव ठरलं होतं, तो आजारी पडला म्हणून ऐनवेळी झेवियर निघाला आणि 1542 मध्ये गोव्याला पोचला.

देवाची योजना चुकली तर काय, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट सांगते. त्या सात जणांनी प्रामाणिकपणे ऐकलं, प्रामाणिकपणे ठरवलं, आणि तरी जहाज आलं नाही. त्यांनी एकमेकांना सोडलं नाही, एवढंच त्यांच्या हातात होतं. न्यूमन यांनी, ज्यांनी 1854 मध्ये डब्लिनला कॅथलिक विद्यापीठ सुरू केलं, त्यांचं मत असं होतं की फक्त परीक्षा घेऊन डिग्र्या वाटणारं विद्यापीठ आणि तरुणांना तीनचार वर्षं नुसतं एकत्र ठेवणारं विद्यापीठ यातलं एक निवडायची वेळ आलीच तर ते दुसरं निवडतील. ऑनलाईन लेक्चरच्या काळात मला हे फार पटतं. मी जेवढं केमिस्ट्रीचं शिकवते त्यातलं बरंचसं मुलं व्हिडिओवर शिकू शकतात, पण रात्री दोन वाजता कॉरिडॉरमध्ये बसून रूममेट जे बोलते ते कुठल्याही कोर्समध्ये नसतं.

आता थोडं कडू. आमच्यासारख्या विद्यापीठांमध्ये कामांची एक न लिहिलेली उतरंड असते. सगळ्यात वर पाळक आणि मिशनरी, मग डॉक्टर, नर्स, शिक्षक, मग सोशल वर्कवाले, आणि अगदी खाली कॉमर्स, कारण तिथे पैशाचा संबंध. कुणी हे उघड बोलत नाही, पण चॅपलमध्ये कोणत्या माजी विद्यार्थ्यांना बोलवलं जातं ते बघा, लगेच कळेल. एका बी.कॉम.च्या मुलाने मला सांगितलं होतं, मॅम, माझ्यासाठी कुणी हात ठेवून प्रार्थना नाही केली, मी फक्त अकाउंट्स करणार ना. मला फार लागलं ते. धर्मसुधारक ल्यूथर स्वतः विटेनबर्गला प्राध्यापक होता, त्याने 1520 मध्येच लिहिलं होतं की जोडे शिवणारा, लोहार, शेतकरी, प्रत्येकाचं आपापलं काम आहे आणि तरी सगळे सारखेच अभिषिक्त याजक आहेत. पाचशे वर्षं झाली आणि आपण अजून कॉमर्सच्या मुलाला मागच्या बाकावर बसवतो.

बायबलमधल्या निर्गमच्या 31 व्या अध्यायात बसालेल नावाचा कारागीर आहे. सोनं, चांदी, पितळ, रत्नं, लाकूड यांचं काम करणारा. देव म्हणतो मी याला माझ्या आत्म्याने परिपूर्ण केलंय, आणि ते कशासाठी, तर नक्षी काढायला, दगड बसवायला, लाकूड कोरायला. प्रेषित पौलाचं सांगायचं तर तो तंबू बनवायचा, करिंथमध्ये अक्विला आणि प्रिस्किला यांच्याकडे राहून तोच धंदा केला त्याने, आणि तिघांची मैत्री त्या कामातूनच झाली. अकाउंट्स नीट लिहिणारा माणूस नसल्यामुळे किती चांगल्या संस्था बुडाल्या याचा विचार केला तर त्या मुलाच्या डोक्यावर सगळ्यात आधी हात ठेवायला हवा होता.

आणि काम नीट करणं, याबद्दल मी जरा हट्टी आहे. ख्रिस्ती विद्यापीठात एक मोह असतो, की लेक्चरच्या आधी एक वचन वाचलं, धड्याच्या शेवटी "आणि हे सगळं देवाने किती सुंदर घडवलं" असं म्हटलं की झाली श्रद्धा आणि विद्येची सांगड. मला हे पुरेसं वाटत नाही. लूव्हाँच्या कॅथलिक विद्यापीठात जॉर्ज लमेत्र नावाचे प्राध्यापक होते, पहिल्या महायुद्धात सैनिक म्हणून लढले, 1923 मध्ये धर्मगुरू झाले, आणि 1927 मध्ये त्यांनी विश्व प्रसरण पावतंय हे गणिताने मांडलं. पुढे 1931 मध्ये विश्वाची सुरुवात एका आदिम अणूपासून झाली अशी कल्पना मांडली, ज्याला आपण आज बिग बँग म्हणतो त्याचा हा पाया. 1951 मध्ये पोप बारावे पायस यांनी एका भाषणात असं सुचवलं की विज्ञानाने आता निर्मितीच्या क्षणाला जणू दुजोराच दिलाय. कुठल्याही धर्मगुरूला आनंद व्हायला हवा होता ना? लमेत्रना ते पटलं नाही. हा भौतिकशास्त्राचा सिद्धांत आहे, तो धर्माच्या प्रश्नांच्या बाहेर आहे, त्याला श्रद्धेच्या बाजूने किंवा विरुद्ध वापरू नये, अशी त्यांची भूमिका होती आणि ती त्यांनी सोडली नाही.

वरवर पाहिलं तर त्यांनी श्रद्धा आणि काम वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलं असं वाटेल. मला तसं वाटत नाही. ज्याचा देवावर खरा भरवसा आहे त्याला आपलं समीकरण देवाच्या मदतीला पाठवायची गरज वाटत नाही, ते समीकरण बरोबर आहे का एवढंच तो बघतो, आणि ते बघण्यात त्याची भक्ती असते. 1966 मध्ये त्यांच्या मृत्यूच्या थोडं आधी त्यांना कळलं की विश्वाच्या सुरुवातीचं म्हणता येईल असं प्रारण, म्हणजे अवकाशभर पसरलेल्या सूक्ष्मलहरी, सापडलंय. मी लॅबमध्ये मुलांना सांगते की रीडिंग मनासारखं आलं नाही तर ते बदलायचं नाही, आहे ते लिहायचं, आणि हे सांगताना मी चॅपलमध्ये असते तेवढीच गंभीर असते.

मेंडेलचं पण सांगायला हवं, कारण नापास झालेली मुलं माझ्याकडे जास्त येतात. ब्रनोच्या ऑगस्टिनियन मठातला हा माणूस शिक्षकाच्या परीक्षेत नापास झाला, 1850 मध्ये, आणि परत 1856 मध्ये पास न होताच परतला. मधल्या काळात मठाचे प्रमुख नाप यांनी त्याला व्हिएन्ना विद्यापीठात शिकायला पाठवलं होतं. मंडळीतल्या लोकांची सेवा करताना, आजाऱ्यांना भेटताना याला फार त्रास होतो हे त्यांनी ओळखलं होतं आणि त्याला दुसरं काम दिलं. वाटाण्याचे प्रयोग त्याच मठाच्या बागेत झाले. प्रमुखांनी "सेवा म्हणजे सेवा, जमत नसेल तर प्रार्थना कर" असं म्हटलं असतं तर?

असल्याच एका वाक्याशी माझं जुनं भांडण आहे. ही सेवा आहे, नोकरी समजू नका. ख्रिस्ती संस्थांमध्ये काम केलेल्या कुणालाही हे वाक्य पाठ असेल. काँट्रॅक्टवरच्या लेक्चररने पगाराबद्दल विचारलं की हे, मेसमधल्या बाईंनी सुट्टी मागितली की हे, तरुण शिक्षिकेला होस्टेल, चॅपल, क्वायर आणि ॲडमिशन सगळं एकदम दिलं आणि ती थकली की परत हेच. आणि ते बहुतेक वेळा त्यांनाच ऐकवलं जातं ज्यांच्याकडे नाही म्हणायची सोय नसते. ज्यांना वर बसून हे म्हणता येतं त्यांना स्वतःच्या बाबतीत ते क्वचितच लावावं लागतं. पाचारणाची भाषा इतकी पवित्र आहे म्हणूनच ती असं वापरणं मला पाप वाटतं, आणि हा शब्द मी विचार करून लिहितेय.

बायबल याबाबतीत अगदी स्पष्ट आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 7 व्या अध्यायात पौल म्हणतो की ज्याला ज्या स्थितीत पाचारण झालं त्याने त्यात राहावं, आणि हे वचन गुलामांना गुलाम ठेवायला वापरलं गेलं. पण पुढच्याच वचनात तो गुलामाला सांगतो की मोकळं होता येत असेल तर हो. ते कुणी वाचून दाखवत नाही. याकोबाच्या पत्रात, 5 व्या अध्यायात, तर कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरीच ओरडतेय आणि ती ओरड सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेलीय असं म्हटलंय. हाक फक्त आपल्यालाच येत नाही, देवालाही येते, आणि कधीकधी ती आपल्या संस्थेच्या पेरोलमधून येत असते.

मी हे मीटिंगमध्येही बोलते, फार लोकप्रिय होत नाही, पण बोलते, आणि एकदोन गोष्टी बदलल्याही आहेत. मेसमध्ये काम करणाऱ्यांना आता आठवड्याची सुट्टी नावानिशी लागते, "बघू" वर नसते.

माझ्या वर्गात ख्रिस्ती नसलेली मुलं भरपूर असतात, आणि ख्रिस्ती घरातली पण आता विश्वास उरलेला नाही अशीही. त्यातल्या एकाने एकदा सरळ विचारलं, मॅम, मी देवच मानत नाही, मग मला हाक मारणार कोण? अशा वेळी मला आयडा स्कडर आठवतात. मिशनरी डॉक्टरांच्या घराण्यातल्या, जन्म 1870 चा, भारतात. लहानपणी इथला दुष्काळ पाहिलेला आणि त्यामुळेच ठरवलेलं की आपण काही मिशनरी होणार नाही, अमेरिकेत राहायचं. आई आजारी पडली म्हणून तरुणपणी दक्षिणेतल्या तिंडिवनमला परत आल्या, तेही तात्पुरतं. तिथे एका रात्री एकामागून एक तीन माणसं दारात आली, त्यात ब्राह्मणही होता, मुसलमानही होता, तिघांचीही बायको बाळंतपणात अडलेली. आयडा म्हणाल्या मला काही येत नाही, माझे वडील डॉक्टर आहेत, त्यांना न्या. तिघांनीही नकार दिला, परपुरुषाने बायकोला हात लावलेला त्यांना चालणार नव्हता. तिघीही बायका गेल्या.

आयडा अमेरिकेला गेल्या, वैद्यकीय शिक्षण घेतलं, 1899 मध्ये कॉर्नेलमधून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या आणि 1900 मध्ये वेल्लोरला काम सुरू केलं. 1918 मध्ये मुलींसाठी मेडिकल स्कूल काढलं. आजचं सीएमसी वेल्लोर, म्हणजे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, ते हेच.

त्या मुलाला मी एवढंच दाखवलं की त्या रात्री दारात जे आले त्यातला एकही ख्रिस्ती नव्हता. आयडांचा देवावर विश्वास होता, त्यांच्या दृष्टीने ती देवाचीच हाक होती, पण आवाज मात्र त्या तीन माणसांचा होता, आणि त्या माणसांना आपण कुणाला पाचारण करतोय याची कल्पनाही नव्हती. म्हणून वर्गात वेगळ्या धर्माची, विश्वास नसलेली मुलं असणं ही ख्रिस्ती विद्यापीठाने सहन करायची गोष्ट आहे असं मला कधीच वाटलं नाही. आपल्याला येणारी हाक कदाचित त्यांच्याच तोंडून येणार आहे. त्या मुलाने मान डोलावली नाही, तो विचारात पडला, मला तेवढं पुरलं. तुझ्या दारात कोण येतं ते बघ, मी म्हटलं, हाक कुणाची ते नंतर ठरव.

हेही खरं की दारात आलेल्या प्रत्येकाला हो म्हणणं म्हणजे पाचारण नाही. माझी एक हुशार माजी विद्यार्थिनी पीएच.डी. सोडून आईच्या आजारपणात घरी राहिली, तिला सगळ्यांनी सांगितलं हीच देवाची इच्छा, तिचा भाऊ मात्र परदेशात आपल्या पाचारणात निवांत. मला तिच्यासाठी राग येतो. गरज खरी होती, पण ती गरज एकट्या तिच्याच दारात का आली, हे विचारायला तिच्या मंडळीत कुणी नव्हतं. सोबतची माणसं जशी "हे तुझं आहे" असं सांगायला लागतात तशी "हे एकटीने उचलू नकोस, आम्ही पण आहोत" असं सांगायलाही लागतात, आणि हे दुसरं आम्हाला अजून फार कमी येतं. ती परत संशोधनाकडे वळायचं म्हणतेय, आम्ही दोघी सध्या एका अर्जावर काम करतोय.

हल्ली मी केबिनमध्ये येणाऱ्या मुलांना एक काम देते. तुला ओळखणाऱ्या तीन माणसांना विचार, की मी कशात असले की तुम्हाला बरं वाटतं, माझ्याकडे तुम्ही कशासाठी येता. त्यातला एक तरी असा हवा ज्याच्याशी तुझं फार जमत नाही. आणि एक तरी असा जो शिक्षक किंवा पाळक नाही. मुलांना हे अवघड जातं, लाजतात, पण करतात. उत्तरं घेऊन येतात तेव्हा बहुतेकांना धक्का बसलेला असतो, कारण त्यांना वाटत असतं लोक आपल्या मार्कांबद्दल, आवाजाबद्दल, क्वायरमधल्या गाण्याबद्दल बोलतील, आणि लोकांनी लिहिलेलं असतं भलतंच काहीतरी.

मागच्या टर्मला कॉम्प्युटर सायन्सची एक मुलगी आली, प्लेसमेंट झालेली, ऑफर लेटर हातात. तिच्या रूममेटने लिहिलं होतं की मजल्यावर कुणी आजारी पडलं की सगळ्या हिच्याच खोलीचं दार वाजवतात, आणि ही औषधं देण्याआधी शांतपणे सगळं विचारून घेते, कधीपासून दुखतंय, काय खाल्लं होतं, आधी असं झालं होतं का, आणि मग लिहून ठेवते. हेल्थ सेंटरच्या सिस्टरने, म्हणजे तिसऱ्या माणसाने, लिहिलं होतं की ही ज्या मुलींना घेऊन येते त्यांची माहिती मला पुन्हा विचारावी लागत नाही. मुलगी म्हणाली, मॅम, मला वाटायचं मी फक्त मदत करतेय. मी म्हटलं हो, आणि तू कोड पण उत्तम लिहितेस, दोन्ही खरं आहे. मग आम्ही बराच वेळ हॉस्पिटलांच्या रेकॉर्ड सिस्टीमबद्दल बोललो, पब्लिक हेल्थच्या कोर्सेसबद्दल, नर्सिंगबद्दल सुद्धा, आणि आहे ती नोकरी घेऊन दोन वर्षं थांबण्याबद्दल. तिने अजून काही ठरवलेलं नाही. कंपनीला उत्तर द्यायला मुदत आहे, आणि त्याआधी तिला सिस्टरसोबत हेल्थ सेंटरला सलग काही दिवस बसून बघायचंय, त्याची परवानगी मी आजच काढून आणली.